उन्हाळ्याची उजळणी

लावण्याला उन्हाळी शिबिरात घालायचं ठरलं, त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचा रिपोर्ट आला. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि तोही पसरलेला. डॉक्टरांनी तिच्या आईला, अरुणाला, बाजूला घेऊन सांगितलं, "फार तर गणपतीपर्यंत." तिचा नवरा अंबादास दाराशीच उभा होता. त्याने ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. तिनेही तो ऐकत होता हे पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. घरी येईपर्यंत रिक्षात दोघं उन्हाळ्याबद्दल बोलत राहिले.

अंबादास चिलवेरी सोलापूरच्या पूर्व भागात शाळेची व्हॅन चालवायचा. त्या भागातली निम्मी पोरं त्याच्या व्हॅनमधून शाळेत गेलेली. उंच, आवाजाने मोठा, गाडी सुरू झाली की पोरांना पाढे गाऊन म्हणायला लावणारा माणूस. पोटदुखी वाढत गेली तशी त्याने व्हॅन विकून टाकली. अरुणा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होती. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे एप्रिल-मे म्हणजे तिच्या कारखान्याची दिवाळी. सकाळी गेलेली ती जेवणं उरकल्यावर घरी यायची.

लावण्या त्यांची एकुलती एक, अकरा वर्षांची. घरच्या तेलुगू वळणाप्रमाणे ती आईला अम्मा आणि वडिलांना नान्ना म्हणायची.

"तिला काय सांगायचं?" अरुणाने विचारलं.

"अल्सर झालाय म्हणायचं," अंबादास म्हणाला. "आणि शिबिराला पाठवायचं. निदान सकाळी तरी घरात माझी ही अवस्था बघत बसायला नको."

शिबिर लोकविज्ञान केंद्राचं होतं. एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या इमारतीत शहरातल्या काही शिक्षकांनी आणि डॉक्टरांनी ते उभं केलं होतं. एव्हाना सोलापूरचा उन्हाळा असा झाला होता, की दुपारी मुलांनी घराबाहेर पडायचं नाही असा महापालिकेचा नियमच होता. मुलांना गार जागा आणि काहीतरी शिकायला मिळावं म्हणून केंद्राचे दोन मोठे हॉल सकाळपासून उघडे असत. शिबिर फुकट. जूनमध्ये, शिबिराच्या शेवटी मोठी विज्ञान जत्रा भरायची, तिथे मुलं आपण शिकलेलं गावाला समजावून सांगायची. त्यातल्या दोघा-तिघांना पुण्याच्या निवासी विज्ञान शाळेत प्रवेश मिळायचा. लावण्याने विषय निवडला होता कीटकांचा.

यंदा केंद्रात एक नवी गोष्ट आली होती. पालकांच्या सभेत डॉ. शर्वरी हिरेमठ यांनी ती हातात धरून दाखवली. कपाळावर बांधायची मऊ कापडी पट्टी, आत नखाएवढ्या चकत्या. तिचं मूळ नाव लांबलचक होतं. मुलांनी तिला 'उजळणी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

डॉ. हिरेमठ मूळच्या सोलापूरच्याच. मेंदूवर संशोधन करून परत आलेल्या. बोलणं साधं.

"दिवसभरात आपण जे बघतो, ऐकतो, ते आधी मेंदूच्या आतल्या एका छोट्या भागात कच्चं लिहिलं जातं. पाटीवर लिहितो ना, तसं. रात्री गाढ झोप लागली की मेंदू ते पुन्हा पुन्हा चालवून बघतो. जे जास्त वेळा चालवतो, ते मेंदूच्या वरच्या थरात पक्कं उतरतं. बाकीचं पुसलं जातं. हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात रोज रात्री होतं. पट्टी एवढंच करते, की काय चालवायचं ते मेंदूला सुचवते. वर्गात प्रत्येक धड्याबरोबर आम्ही एक बारीकशी धून वाजवतो. रात्री झोपेची लाट वर आली की पट्टी नेमकी त्याच क्षणी ती धून वाजवते, कानाला कळणार नाही इतकी हळू. मेंदू तो धडा पुन्हा चालवतो. धून आणि धड्याची ही युक्ती जुनीच आहे. नवीन काय, तर ही पट्टी एकही लाट चुकवत नाही."

मागून एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, नुकसान काय त्याचं?"

"चाचण्यांमध्ये तरी काही दिसलं नाही. मुलं दिवसातल्या काही किरकोळ गोष्टी विसरतात. काल डब्यात काय होतं, असलं काहीतरी."

"ते आमचं पट्टी न लावताच विसरतंय की," एक बाई म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला. अरुणाही हसली. पट्टी घेऊन घरी आली.

एप्रिल संपत आला तेव्हा लावण्याला बघून शेजारी थक्क व्हायचे. भिंतीवर काही चढलं की ही नाव सांगायची, ते काय खातं, किती दिवस जगतं, अंडी कुठे घालतं, सगळं. अंगणातल्या कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे बारीक खड्डे असतात, त्यांच्या तळाशी एक अळी मुंगी घसरून पडायची वाट बघत बसलेली असते, हे तिने गल्लीतल्या म्हाताऱ्यांना उकिडवं बसवून दाखवलं. तिला आठवावं लागायचंच नाही. विचारलं की उत्तर बाहेर.

संध्याकाळी वारा जरा निवला, की बाप-लेक गच्चीवर जायचे. अंबादास तारेवर पांढरी चादर टाकायचा, मागे दिवा लावायचा, आणि चादरीवर येऊन बसणारे किडे लावण्या त्याला शिकवायची. त्याला जिना चढायला दर आठवड्याला जास्त वेळ लागत होता. अरुणाला हे सगळं ऐकूनच माहीत होतं. ती घरी यायची तेव्हा चादर घडी करून ठेवलेली असायची.

एका रविवारी अंबादासने मित्राची गाडी मागून आणली आणि लावण्याला हिप्परग्याच्या तलावावर नेलं. कारखाना रविवारीही चालू होता, अरुणाला जाता आलं नाही. लावण्या घरी आली ती फुललेली. नान्नाची चप्पल गाळात कशी रुतली, ती काढताना तो कसा बसकन चिखलात पडला, आणि मग दोघं तसेच चिखलात बसून शेंगाचटणी-भाकरी कशी जेवले, हे तिने आईला हातवारे करकरून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात अंबादास अनवाणी दिसला तेव्हा अरुणा लावण्याला चेष्टेने म्हणाली, "काय गं, ती तलावातली चप्पल काही सापडली नाही वाटतं?"

"कुठली चप्पल?"

"अगं, नान्नाची. हिप्परग्याला."

लावण्याने कपाळाला आठ्या घातल्या. "हिप्परग्याला चतुर होते. सात प्रकारचे. एक लाल होता, तो नर."

"आणि नान्ना?"

"नान्ना होता." ती थांबली. "होता ना? होता बहुतेक."

अंबादास पलंगावर पडून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तो एकटाच केंद्रावर गेला.

काय झालं ते त्याने अरुणाला रविवारी सकाळी सांगितलं. ती कामावर निघण्याच्या घाईत होती.

"मॅडम म्हणाल्या, रात्र काय वाढत नाही. सगळी रात्र धडाच चालतो, बाकीच्याला जागा राहत नाही. दिवसाचं पक्कं व्हायच्या आतच जातं. त्यांना पण एवढं वाटलं नव्हतं. म्हणाल्या, हवं तर बंद करा."

"मग आजपासून बंद," अरुणा म्हणाली.

"नको."

ती वळून बघायला लागली.

"मला बघ की," तो म्हणाला. "आरशात मला माझा मी ओळखू येत नाही. हा माणूस तिने कशाला लक्षात ठेवायचा? तिचा नान्ना व्हॅन चालवणारा. गेल्या वर्षीपर्यंतचा. तेवढाच राहू दे तिच्याकडे. आणि तिला पुण्याची शाळा मिळाली, तर मी नसताना तुला..."

"तसलं बोलू नका. तुम्ही बरे होणार आहात." अरुणाने डब्याचं झाकण लावलं. "आणि हे दिवस नुसते तुमचे नाहीत. तिचे पण आहेत."

"तिचे आहेत, म्हणूनच म्हणतो."

भांडण तिथेच राहिलं. तिला उशीर होत होता, आणि खरं सांगायचं तर तिला त्या बोलण्यातून सुटायचंही होतं. रात्री ती आल्यावर दोघांनीही विषय काढला नाही. पट्टी चालू राहिली.

मेच्या मध्यावर एके दिवशी उष्णतेचा लाल इशारा आला आणि कारखाना दुपारीच बंद झाला. अरुणा ऊन कलल्यावर, उजेडातच घरी पोचली. खाली कुणी नव्हतं. ती दोघांसाठी सरबत घेऊन गच्चीचा जिना चढू लागली आणि वरच्या वळणावर तिला लावण्याचं रडणं ऐकू आलं.

"म्हणजे तू मरणार?"

"हो."

"कधी?"

"पावसाळ्यात कधीतरी. पाऊस बघून जाईन बहुतेक."

"अम्माला माहितीये?"

"माहितीये. पण तिला त्यावर बोलवत नाही गं. तिच्यावर रागवायचं नाही."

"मग तू कुणाशी बोलतोस?"

"तुझ्याशी."

"माझ्याशी कुठे? मी तर आज पहिल्यांदा ऐकतेय."

मग अंबादास म्हणाला, "हो. आजच."

अरुणाने ट्रे पायरीवर ठेवला. तिला कशावरून कळलं ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. त्याच्या आवाजावरून असेल. पोरीचा प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार होतं. 'तुझ्याशी' हा शब्द तर सवयीने निसटल्यासारखा आला होता. हे बोलणं नवं नव्हतं. नवं होतं ते फक्त लावण्याला.

वरती लावण्या नाक ओढत म्हणत होती, "तू घाबरू नको, नान्ना. मी हात धरून ठेवते. तू झोपलास तरी सोडणार नाही."

अरुणाने मान उंच करून पाहिलं. तो मोठा माणूस, जो आता निम्मा उरला होता, पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होता. अकरा वर्षांची लावण्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

अरुणा पायरीवर बसून राहिली. मग वर गेली, लावण्याला तोंड धुवायला खाली पाठवलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"काल पण सांगितलंत तिला?"

त्याने बाहीने डोळे पुसले.

"परवा?"

"रोज नाही."

"अहो, ती रोज नव्याने रडते! तिचा बाप तिच्यासाठी रोज पहिल्यांदा मरतो. कळतंय का तुम्हाला?"

"सकाळी ती बरी असते," तो म्हणाला. "काही राहत नाही तिच्याकडे. मला वाटलं, तिला इजा होत नाही."

"होत नाही? आत्ता काय होत होतं इथे?"

त्याने वर पाहिलं. त्याचे डोळे त्या दिवसांत पिवळे पडायला लागले होते.

"मला भीती वाटते, अरुणा. एवढंच एक वाक्य मला बोलायचं होतं. तुझ्याशी किती वेळा बोलायला गेलो. तू 'बरे व्हाल' म्हणतेस आणि कामाला लागतेस. त्या पोरीने एकदाही बरा होशील म्हटलं नाही. दर वेळी ती म्हणते, मी आहे. दर वेळी, तिला आधीचं काही माहीत नसताना."

अरुणाने खाली येऊन लावण्याच्या उशाशी ठेवलेली पट्टी उचलली, कपाटात टाकली आणि किल्ली कमरेला खोचली.

सकाळी लावण्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"अम्मा, काल नान्नाने मला काहीतरी सांगितलं."

"हो."

"ते खरं आहे?"

"खरं आहे," अरुणा म्हणाली. एवढ्या दिवसांत हे तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं. तिने कारखान्यात फोन करून सांगितलं, की ती आता येणार नाही, सीझन असो वा नसो.

लावण्या तिला चिकटून उभी राहिली. मग तिने विचारलं, "त्याने मला आधी का नाही सांगितलं?"

अरुणाने तिला नुसतं जवळ घेतलं.

त्यानंतर दुखणं डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा वेगाने पुढे गेलं. अंबादासला गच्चीवर जाता येईना, मग पलंगावरून उठता येईना. अन्न तोंडाजवळ नेलं की तो मान फिरवायचा. औषधांच्या गुंगीत तो लावण्याला त्याची मेलेली बहीण समजायचा. एकदा तिने पाणी पाजताना थोडं सांडलं तर तो तिच्यावर असा ओरडला, की ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग दवाखाना, नाकातली नळी, हाताला टोचून काळीनिळी झालेली कातडी. बोलून ठेवल्याप्रमाणे लावण्याने त्याचा हात धरून ठेवला होता, पण तो हात कुणाचा आहे हे त्याला शेवटी कळत नव्हतं. शाळा उघडायच्या आधी, पावसाचा मागमूसही नसताना, एका दुपारी तो गेला.

आणि हे सगळं लावण्याच्या मेंदूने रोज रात्री व्यवस्थित चालवून पाहिलं. वास, आवाज, ते ओरडणं, ती नळी. आता आड येणारी धून नव्हती. सगळं पक्कं उतरलं.

दिवसकार्य झाल्यावर डॉ. हिरेमठ घरी आल्या. पाण्याचा पेला तसाच हातात धरून बसल्या. त्यांनी बोलायच्या आधी लावण्यानेच विचारलं.

"मॅडम, माझा एप्रिल परत आणता येईल?"

"नाही, बाळा."

"कागदावरचं पुसलेलं पण मशीनने वाचता येतं ना? तुम्हीच शिकवलं होतं."

"पुसलेलं कधीकधी येतं. पण तुझं पुसलं गेलं नाही. ते आत लिहिलंच गेलं नाही." त्यांनी पेला खाली ठेवला आणि अरुणाकडे वळल्या. "आम्ही किरकोळ म्हणत होतो, ताई. कारण चाचणीत आम्ही मुलांना विचारलं काय, तर काल डब्यात काय होतं. घरी कोण काय म्हणालं, हे आम्ही विचारलंच नव्हतं."

अरुणाला त्यांच्यावर ओरडायचं होतं. किती दिवस तिने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. पण समोरची बाई रडत होती, आणि हवं तर पट्टी बंद करा असं हीच बाई अंबादासला म्हणाली होती. ते न ऐकणारे दोघं याच घरातले होते.

विज्ञान जत्रा ठरल्या दिवशीच भरली. लावण्या जाणार नाही असं अरुणाने गृहीत धरलं होतं, पण ती सकाळी आपणहून तयार झाली.

सूतगिरणीचं आवार माणसांनी भरून गेलं होतं. कुठे पोरं साबणाच्या फुग्यांवरून प्रकाश समजावत होती, कुठे मातीचे थर, कुठे सूक्ष्मदर्शकाखाली तळ्यातलं पाणी. लावण्याच्या टेबलापुढे सर्वांत मोठी गर्दी झाली. लोक काड्यापेटीतून, बरणीतून किडे घेऊन यायचे आणि ती एका नजरेत सांगायची. एका आजोबांनी तिला अडवायला म्हणून पाय तुटलेला, अर्धा सुकलेला भुंगेरा पुढे केला. तिने तो उलटा करून पाहिला आणि नाव सांगितलं, शिवाय तो नर आहे हेही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लावण्या हसली नाही. पुढचा किडा हातात घेतला.

शेवटी डॉ. हिरेमठ बोलायला उभ्या राहिल्या. पट्टी पुढच्या वर्षी बदलली जाईल, रात्रीचा थोडाच वेळ वापरली जाईल, आणि घरात आजारपण किंवा दुःख असेल तर देणारच नाही, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी ते ऐकून घेतलं. भाषण संपताच नावनोंदणीच्या टेबलापुढे रांग लागली.

रांगेतल्या एका बाईने अरुणाला ओळखलं. "तुमचीच ना ती किड्यांवाली? पट्टीने झालं म्हणे सगळं. फायदा होतो ना हो?"

अरुणाने तिला सांगितलं. लपवून काही ठेवलं नाही. हिप्परग्याची चप्पल सांगितली, पोरीला बापाचा शेवटचा उन्हाळा आठवत नाही हे सांगितलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने अरुणाचा हात दाबला.

"फार वाईट झालं, ताई. आमच्याकडे देवाच्या दयेने तसं कुणी आजारी नाही," असं म्हणून ती रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

मायलेकी चालत घरी निघाल्या. ऊन उतरलं होतं. लावण्याला पुण्याची शाळा मिळणार हे जवळजवळ नक्की झालं होतं. अर्ध्या वाटेत लावण्या म्हणाली,

"अम्मा, मला नान्ना आठवला की ती रडायची संध्याकाळ आणि मग दवाखानाच आठवतो. त्याच्या आधी एकदम व्हॅन. मधलं काहीच नाही. मला त्याच्यासाठी रडायचं असतं, तर मी काय आठवून रडू?"

अरुणाचे पाय थांबले. मग ती पुन्हा चालायला लागली आणि तिला जे माहीत होतं ते सांगायला लागली. चादर आणि दिवा. नान्ना जिन्यात दोनदा बसून मग वर पोचायचा, पण रोज जायचा. हिप्परग्याचा चिखल, जो तिला स्वतः लावण्यानेच सांगितला होता. लावण्या लक्ष देऊन ऐकत होती, वर्गात ऐकायची तशी. पण अरुणा त्या उन्हाळ्यात घरी होतीच किती? दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत तिच्याकडचं सांगून संपलं.

"मग त्याने मला शेवटी का सांगितलं?" लावण्याने विचारलं. तो प्रश्न तिच्या मनातून गेलेलाच नव्हता. "तुझ्यावर त्याचा विश्वास होता, माझ्यावर नव्हता का?"

हे मात्र अरुणाला तसं राहू देता येईना.

"शेवटी नाही सांगितलं, राजा. त्याने तुला खूप वेळा सांगितलं. गच्चीवर. तू विसरायचीस, तो पुन्हा सांगायचा. माझ्याशी त्याला बोलता आलं नाही. तो फक्त तुझ्याशीच बोलला."

लावण्या रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून सायकलवाला घंटी वाजवून वळसा घालून गेला.

"खूप वेळा? मग मी काय म्हणायचे त्याला?"

अरुणा बोलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं, की हे जगात कुणालाच माहीत नाही. तिने ऐकलेली ती एक संध्याकाळ लावण्याला आठवतच होती. त्याआधीच्या संध्याकाळी गच्चीवर दोघंच होते. त्यातला एक गेला होता, आणि दुसरी समोर उभी राहून विचारत होती.

"सांग ना, अम्मा. काय म्हणायचे मी?"

"एकदा ना," अरुणा म्हणाली, आणि पुढचं वाक्य कुठून येतंय हे तिला ठाऊक नव्हतं, "एकदा तू त्याला विचारलंस, नान्ना, तू जाशील तिकडे किडे असतील का? तो म्हणाला, नसले तर मी परतच येईन, मला करमणार नाही."

"मग मी?"

"तू म्हणालीस, असले तर आधी पाय मोज. सहा असले तरच किडा. आठ असले तर तो कोळी, त्याला किडा म्हणून माझी लाज काढू नको."

लावण्याच्या तोंडून हसू फुटलं. ते रडण्यात मिसळलं, आणि ती हसत-रडत तिथेच आईच्या कमरेला बिलगली. अंबादास गेल्यापासून ती अशी रडलीच नव्हती.

"मी असंच म्हणाले असणार," ती म्हणाली. "नक्की. आणि नान्ना हसला?"

"पोट धरून हसला. दुखत होतं तरी."

"तू ऐकलंस? स्वतः?"

रस्त्यावरचे दिवे लागत होते. अरुणाने पोरीच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "मी जिन्यातच होते."

लावण्याने बाहीने नाक पुसलं. मनातल्या मनात तिने ते एकदा म्हणून पाहिलं असावं, कारण तिचे ओठ हलले.

"आता हे आठवेल मला," ती म्हणाली.

अरुणाने तिचा हात धरला आणि दोघी रस्ता ओलांडून घराकडे वळल्या.